शालनमावशींचा तिसरा दिवस

दुसऱ्या वर्षाच्या प्राणिशास्त्राच्या पेपरात पाच मार्कांचा एक प्रश्न होता. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर आईचं दूध कधी आणि कसं तयार होतं ते लिहा. पेपर इंग्रजीत होता. मला इंग्रजी वाक्यं अजून भरभर सुचत नाहीत. आधी मनात मराठीत म्हणावं लागतं, मग एकेक शब्द बदलत उतरवावं लागतं. त्या दिवशी मी मनात जे म्हटलं ते पुस्तकातलं नव्हतं आणि आवाजही आमच्या सरांचा नव्हता.

'वार पोटात हाय तवर दूध थांबलेलं आसतंय. वार पडली की तिसऱ्या दिवशी उतरतंय. बाळ आसो, नसो.'

वारेला मी प्लॅसेंटा लिहिलं. शेवटचे तीन शब्द मी पेपरात लिहिले नाहीत. मला चार मार्क मिळाले.

तो आवाज शालनमावशींचा. त्या आमच्या वडगाव रासाईच्या आशाताई होत्या. म्हणजे गावातल्या गरोदर बायका, बाळंतिणी, लहान मुलांच्या लसी, हे सगळं घरोघर फिरून बघण्याचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांच्याविषयी लिहावं असं त्या पेपरानंतर वाटत राहिलं. पण आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे असं काही लिहायला कुठून सुरुवात करतात ते विचारायला कुणी नाही. मावशींची सगळी हकिगतही मला ठाऊक नाही. माहेर कुठलं, नवरा कधी वारला, शाळा कितवीपर्यंत, हे मी कधी विचारलं नाही. मला जेवढं दिसलं तेवढं सांगते.

त्या अंगाने लहान होत्या. साडीवर बाराही महिने पुरुषी शर्ट घालायच्या, उन्हासाठी, आणि त्याच्या खिशात एक पेन आणि एक थर्मामीटर असायचा. स्कूटी चालवताना दोन्ही पाय खाली सोडून रस्त्याला घासत जायच्या. ब्रेकवर त्यांचा विश्वास नव्हता. "बिरेक मशिनीचा, पाय माझा," म्हणायच्या. त्यामुळे त्यांच्या चपला टाचेला झिजलेल्या असत. उसाच्या दिवसांत रस्त्याने ट्रॅक्टर-ट्रॉल्या सुरू झाल्या की त्या ट्रॉलीच्या मागे न थांबता शेजारून जाऊन ड्रायव्हरला दोन शब्द सुनावून यायच्या. ड्रायव्हर बाहेरचे असत. त्यांना मराठी कळायचं नाही आणि मावशींना त्याने फरक पडायचा नाही.

गरोदर बायकांना त्या मिश्री लावू द्यायच्या नाहीत. डबी दिसली की उचलून स्वतःच्या पिशवीत टाकायच्या. आणि स्वतः मात्र सकाळी अंगणवाडीच्या मागे उभ्या राहून मिश्री लावायच्या. एकदा आईने पकडलं तर म्हणाल्या, "माझी पाळी जाऊन धा वरसं झाली. मला आता कोण जल्माला घालायचंय? तू तुजं बघ."

त्यांची एक सवय माझ्या डोळ्यासमोर सारखी येते. त्या दिवस बोटांच्या पेरांवर मोजायच्या, डाव्या हाताच्या करंगळीपासून. बाळंतिणीच्या घरात पाऊल टाकलं की अंगठा करंगळीवर फिरायला लागायचा. करंगळीला तीन पेरं. "करंगळी सरली की दूध," असं त्या म्हणायच्या. सरकारी नियमाप्रमाणे बाळंतिणीच्या घरी ठराविक दिवशी जावं लागे. बाकीचे दिवस त्यांच्याकडून एखाद्या वेळी इकडचे तिकडे होत, पण तिसरा दिवस कधी चुकला नाही. त्या दिवशी छाती भरून येते, दगडासारखी होते, ताप चढतो, बाई रडते, आणि घरातली म्हातारी म्हणते नजर लागली. "नजर न्हाई लागली, दूध लागलंय," म्हणत मावशी आत जायच्या आणि बाळ छातीला लागल्याशिवाय बाहेर यायच्या नाहीत.

वरच्या आळीत सखूआजी म्हणून आहेत. त्यांच्या नातसुनेला मुलगा झाला, तेव्हा मी मावशींच्या बरोबर गेले होते. दहावीची परीक्षा झाली होती आणि त्यांना रजिस्टरमध्ये नावं लिहायला कुणीतरी नीट अक्षराचं हवं होतं. सखूआजींच्या घरी त्याच सुमाराला गाय व्याली होती. आजींनी आमच्यासमोर खरवसाच्या ताटल्या ठेवल्या.

मावशींनी ताटलीला हात लावला नाही. "वासराला चीक पाजला का, आजी?"

"पाजला की. पह्यला चीक वासराला. न्हाईतर जगंल व्हय ते?"

"आन् नातवाला?"

"त्येला गूळपाणी चमच्यानं. हिचं दूध कुठं उतरलंय अजून? नुस्तं पिवळं पिवळं येतंय. मी पिळून टाकाय लावलंय."

"वासराला पिवळं चालतंय?"

आजींनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "जनावराचं येगळं आसतंय."

"व्हय, येगळं आसतंय," मावशी म्हणाल्या. "वासराची आय त्याला सोता चाटती. मधी आजी नसती."

नातसून पदराआड हसली. सखूआजी इतक्या चिडल्या की त्यांनी दोन्ही ताटल्या उचलून आत नेल्या. मला खरवस खायचा होता. पण मावशी उठल्या नाहीत. बाळ चीक प्यायलं, मगच उठल्या. स्कूटीवर बसताना मला म्हणाल्या, "गोठ्यातल्या बायांना समदं ठावं आसतंय. घरात आल्या की इसरत्यात."

असं सगळं रोखठोक बोलणाऱ्या बाईंचं एक वाक्य मात्र अगदी मऊ होतं. आपल्याला दूध येईल का, पुरेल का, म्हणून जी बाई घाबरलेली असे, तिच्या डोक्यावरून हात फिरवून त्या म्हणायच्या, "दूध बाळाच्या नशिबाचं आसतंय. बाळ येतंय ते शिदोरी घिऊनच येतंय." हे वाक्य गावातल्या निम्म्या बायकांनी त्यांच्या तोंडून ऐकलेलं होतं. मी एकदा विचारलं, "मावशी, नशिबाचं कसं? आम्हाला तर शिकवलं की ते हार्मोनमुळे येतं."

त्या म्हणाल्या, "मी डाक्टरकीचं सांगाय लागले की बाया भितात. नशिबाचं नाव काढलं की निवांत व्हत्यात. निवांत झाल्या की दूध बी नीट येतंय. काम झालं का न्हाई?"

मला ते पटलं होतं. अजूनही, त्यांनी हे कशासाठी केलं ते मला कळतं.

माझी मोठी बहीण रूपाताई. ती कासुर्डीला दिलेली आहे. दाजींचा टेम्पो आहे, भाजीची वाहतूक करतात. ताईला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा सहाव्या महिन्यात ती चार दिवस माहेरी आली होती. एका सकाळी तिच्या ब्लाउजवर पिवळट डाग दिसला. ताई घाबरली, आणि आई तिच्यापेक्षा जास्त घाबरली. "आत्तापास्नंच सांडाय लागलं तर बाळाला काय उरायचं?" आईने मला पळवत मावशींकडे पाठवलं.

मावशी आल्या, डाग बघितला आणि पायरीवरच बसल्या. "आगं, हा चीक. पाचव्या म्हैन्याच्या आसपास आतमधी तयार व्हाय लागतोय. कुणाचा दिसतोय, कुणाचा न्हाई दिसत. सांडला म्हणून सरत न्हाई. आन् खरं दूध आत्ता येणारच न्हाई. वार हाय ना पोटात, ती आडवून धरती."

ताईचं समाधान झालेलं दिसलं नाही. ती डाग ओल्या फडक्याने पुसत होती. तेव्हा मावशींनी ते वाक्य काढलं. तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "बाळानं शिदोरी बांधाय घेतलीय. त्याच्या नशिबाचं हाय ते. तू का काळजी करती?"

ताई हसली. त्यानंतर कासुर्डीहून तिचा फोन आला की आई विचारायची, तब्येत कशी, आणि ताई सांगायची, "बरी हाय. शिदोरी बांधायचं चाललंय." आमच्या घरात तो शब्द झाला होता. आप्पासुद्धा, म्हणजे माझे वडील, ऐकून मिशीत हसायचे.

डोहाळजेवण झाल्यावर ताई बाळंतपणाला आमच्याकडे आली. आठवा महिना संपत आला होता. एके दिवशी सकाळी ती म्हणाली, "रातीपास्नं हालत न्हाई." आईने तिला साखरपाणी दिलं. मावशी आल्या, पोटावर हात ठेवून बराच वेळ बसल्या आणि म्हणाल्या, "दौंडला जाऊ." दाजी टेम्पो घेऊन आले. मावशी ताईच्या शेजारी बसल्या. नदीचा पूल ओलांडताना ताईने विचारलं, "मावशी, झोपलं आसंल का?" मावशी तिचा हात धरून बसल्या.

दवाखान्यात त्यांनी सांगितलं की ठोके नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी ताई बाळंत झाली. मी बाहेर बाकावर होते. माझ्या मांडीवर डब्याची पिशवी होती. तो डबा कुणी खाल्ला नाही. संध्याकाळी मी तो दवाखान्याच्या नळावर घासला. मला तेव्हा काही वाटत होतं असं आठवत नाही. डब्याची रबरी पट्टी हरवली होती आणि ती मी शोधत होते, एवढं आठवतं.

मुलगी होती. शालनमावशींनी तिला कापडात गुंडाळून धरलं होतं. दाजींच्या आई म्हणाल्या, "रूपाला दावू नका. बघितलं की डोळ्यापुढनं हालायचं न्हाई. न बघितलेलं लवकर इसरतंय." आप्पांनी मान डोलावली. मुलगा की मुलगी तेही सांगायचं नाही असं ठरलं. मावशी एकदाच म्हणाल्या, "तिला इचारा तरी." कुणी विचारलं नाही. आप्पा आणि दाजी बाळाला घेऊन पुढे गेले आणि आमच्या रानाच्या खाली, नदीकडेला, बाभळीखाली त्यांनी तिला पुरलं. ताईला सांगितलं, "गेलं." एवढंच.

इथे माझं एक सांगायचं राहतं. दवाखान्यातून सोडताना कागद माझ्या हातात होते, म्हणून तिथल्या सिस्टर मला म्हणाल्या, "तिसऱ्या दिवशी यांना दूध येईल. घट्ट बांधू नका. घरी सांगून ठेव." मी हो म्हटलं. घरी सांगितलं नाही. आईची दोन बाळंतपणं झालेली, तिला माहीत असेल असं मला वाटलं. आणि त्या दिवशी घरात 'दूध' हा शब्द कसा काढायचा ते मला समजलं नाही.

आईला माहीत नव्हतं. तिच्या दोन्ही वेळी बाळ जिवंत होतं. बाळ नाही तर दूध येणार नाही, असंच तिला वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडत होते. ताई दारात येऊन उभी राहिली. तिने बाहेर जायची साडी नेसली होती आणि हातात पिशवी होती. ब्लाउज पुढून सगळा भिजला होता.

"दाजी कुठायत तुझं? टेम्पो काढाय सांग," ती म्हणाली. "दौंडला जायचंय."

आई चुलीपासून उठून आली. "कशाला गं?"

"बाळ आणाय."

आईच्या हातातलं उचटणं खाली पडलं. ताईचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. ती समजावून सांगितल्यासारखी बोलत होती. "आई, हे बघ. दूध आलंय. दूध बाळाच्या नशिबाचं आसतंय. बाळ न्हाई तर हे कुणाच्या नशिबाचं आलं? तुम्ही मला दावलं का? न्हाई दावलं. पोरगा का पोरगी ते तरी सांगितलं का? का न्हाई सांगितलं?"

दाजी ओसरीवर होते. ती त्यांच्याकडे वळली. "पोरगी झाली म्हणून दिली का कुणाला?"

दाजी खाली बघत राहिले. त्यांनी नाही म्हणायला पाहिजे होतं. पण 'पोरगी' या शब्दावर ते गडबडले आणि ताईने ते पाहिलं. "बघ," ती आईला म्हणाली, "बघ, त्यांचं तोंड बघ."

आप्पांनी तिला दंडाला धरून आत नेलं. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "मी ह्या घरात बी न्हाई राहायची आन् कासुर्डीला बी न्हाई जायची. माझं बाळ मला द्या, मी जाती." आईने जुनं लुगडं फाडून तिची छाती आवळून बांधली, दूध थांबावं म्हणून. मी कापडाचं एक टोक धरलं होतं. सिस्टर काय म्हणाल्या होत्या ते मला आठवत होतं आणि तरी मी टोक धरलं होतं. दुपारपर्यंत ताईला ताप चढला. ती भिंतीकडे तोंड करून पडली आणि दर थोड्या वेळाने विचारायची, "टेम्पो आला का?"

त्या दिवशी सकाळी अंगणवाडीत लसीकरण होतं. शालनमावशी ते आवरून दुपारी दोनच्या सुमाराला आल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. अंगणात चपला घासल्याचा आवाज आला. आत आल्या तेव्हा अंगठा करंगळीच्या शेवटच्या पेरावर होता.

त्यांनी आधी ते लुगडं सोडलं. आईला म्हणाल्या, "आवळून बांधलं की गाठी व्हत्यात. पू व्हईल." मग माझ्याकडे बघितलं. "रानात कोबी हाय ना? एक गड्डा आण. गार बघून आण, सावलीतला."

मी कोबी आणला. त्यांनी पानं सुटी केली, माठातल्या पाण्यात बुडवली, जाड शिरा लाटण्याने मोडल्या आणि एकेक पान ताईच्या छातीवर ठेवलं. दोन्ही बाजू पानांनी झाकल्यावर वरून सैल कापड टाकलं. ताई सगळं करू देत होती. मग तिने विचारलं.

"मावशी, तुम्हीच म्हणला हुता. बाळाच्या नशिबाचं आसतंय. मग हे कुणाचं?"

मावशींनी ओले हात शर्टाला पुसले. "ते मी खोटं बोलले."

दाराशी आप्पा उभे होते. आई माझ्या शेजारी होती.

"धीर द्यायला बोलत हुते," मावशी म्हणाल्या. "नशीब बिशीब काय न्हाई. वार पोटात आसती तवर दूध थांबलेलं आसतंय. वार पडली की अंगाला वाटतंय बाळ झालं, आता पाजायचंय. तिसऱ्या दिवशी उतरतंय. बाळ हाय का न्हाई, ते त्याला कळत न्हाई."

"आसं कसं कळत न्हाई?"

"गेल्या साली तुमच्या म्हशीचं रेडकू मेलं. तू हुतीस का तवा?"

"हुते. लग्नाच्या आधी."

"म्हशीला पान्हा आला का?"

"आला."

"कुणी पिळली?"

"मीच." ताईचा आवाज बारीक झाला होता. "पेंड म्होरं ठिवून."

"तिचं रेडकू कुठं लपवून ठिवलं हुतं का आपण?"

आईने तोंडाला पदर लावला. मला वाटलं, किती वाईट बोलल्या या. बहिणीला म्हशीच्या जागी बसवलं. पण ताईचे हात, जे सकाळपासून पिशवीच्या बंदावर घट्ट होते, ते सुटलेले मला दिसले.

"मी धरलं हुतं तिला," मावशी म्हणाल्या. "ह्या हातात."

"शालनबाई," आप्पा दारातून म्हणाले. "आपलं ठरलं हुतं."

"तुमचं ठरलं हुतं, आप्पा. माझ्याकडनं नुस्तं ऐकलं गेलं." त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. "मुलगी हुती, रूपा. केस लई हुतं. काळंभोर, पार मानंवर आल्यालं. कान तुझ्यागत, वरनं जरा दुमडल्यालं. डोळं मिटल्यालं हुतं. श्वास नव्हता. मी दोनदा बघितलं. तुझ्यासाठी बघितलं."

ताईने स्वतःच्या कानाला हात लावला. बाहेर रानात पाण्याची मोटार सुरू झाली आणि पाटाला पाणी आल्याचा आवाज आला.

"कुठं हाय?" ताईने विचारलं.

"खाली. बाभळीपाशी."

ताईने मान हलवली. छातीवरचं पान थोडं वर सरकवलं. "गार लागतंय," म्हणाली.

टेम्पोचं तिने पुन्हा विचारलं नाही.

दूध आटायला दहा-बारा दिवस गेले. मावशी रोज यायच्या, पानं बदलायच्या, दुखेल तेवढंच हलक्या हाताने काढायला सांगायच्या. जास्त काढलं की जास्त येतं, म्हणायच्या. रजिस्टरमध्ये या भेटी लिहायला जागा नव्हती, कारण त्या भेटी बाळाच्या नावाने असतात. मी विचारलं तर म्हणाल्या, "नगं लिहू." पुढे एका सकाळी त्या ताईला नदीकडे घेऊन गेल्या. बाळंतिणीने इतक्या लवकर बाहेर पडू नये म्हणून आई अडवत होती. मावशी म्हणाल्या, "बाळंतीण म्हणताय तर मग बाळ बी बघू द्या." मी दहा पावलं मागून गेले. मला दोघींच्या पाठी दिसत होत्या. ताई बाभळीखाली बसली, थोड्या वेळाने उठली. आम्ही परत आलो. वाटेत तिने कोबीच्या रानात वाकून दोन तणं उपटली.

दीड महिन्याने ती कासुर्डीला गेली. दाजी न्यायला आले होते. ती टेम्पोत पुढे बसली. आम्ही दोघी त्याविषयी कधी बोललो नाही. मी सिस्टरांचं सांगितलं नाही, ते अजून सांगितलेलं नाही.

बदल झाला तो मावशींच्यात. शिदोरीचं वाक्य त्यांनी पुन्हा उच्चारलं नाही. त्याजागी जे बोलायला लागल्या ते मी सुरुवातीला लिहिलं आहे. गरोदर बाई दिसली की सातव्या महिन्यात तिला बाजूला घेऊन सांगायच्या, वार पडली की तिसऱ्या दिवशी दूध उतरतंय, बाळ आसो, नसो. एवढंच, घड्याळात किती वाजले ते सांगावं तसं. सखूआजींच्या नातसुनेच्या दुसऱ्या डोहाळजेवणात त्यांनी हे तिला सांगितलं तेव्हा तिची ओटी भरून झाली होती आणि बायका गाणी म्हणत होत्या. आजींच्या कानावर ते गेलं.

"भरल्या ओटीत काय बोलती ही! जीभ हाय का कोयता?"

"भरल्या ओटीतच सांगाय पायजे, आजी," मावशी म्हणाल्या. "रिकाम्या ओटीत कोण ऐकाय बसतंय?"

बायका उठून गेल्या. त्यानंतर शालनमावशींना गावात डोहाळजेवणाला बोलावणं बंद झालं. लसीची तारीख विचारायला, गोळ्या घ्यायला लोक त्यांच्याकडे जायचे. पण घरात सून गरोदर असली की स्कूटीचा आवाज आल्यावर दार पुढे ओढलं जायचं. त्या अंगणात थांबायच्या. म्हातारी रानात गेली की मागच्या दाराने जाऊन वाक्य सांगून यायच्या. मी दोनदा त्यांना असं थांबलेलं पाहिलं आहे, शर्टाचं बटण फिरवत.

कॉलेजला शिरूरला जायच्या आधी मी त्यांना म्हटलं, "मावशी, शेवटचे तीन शब्द नाही म्हटले तर नाही का चालणार?"

त्या म्हणाल्या, "चालंल की. इतकी वरसं चाललंच."

या दिवाळीत घरी गेले तेव्हा कळलं, गुडघे दुखतात म्हणून त्यांनी काम सोडलं आणि रांजणगावला लेकाकडे राहायला गेल्या. लेक तिथे कंपनीत आहे. स्कूटी इथेच कुणाला तरी दिली. नवीन आशाताई शिकलेल्या आहेत, गाडी पाय वर घेऊन चालवतात. आईला विचारलं, मावशींची आठवण कुणी काढतं का? आई म्हणाली, "काढत्यात की, सखूआजी काढती." कशी काढते, ते मी विचारलं नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्याही आधी, मागच्या उन्हाळ्यात. सुट्टीचे दोन दिवस संपवून सकाळच्या एसटीने शिरूरला परत चालले होते. गाव सुटल्यावर पुढच्या वळणावर मावशींची स्कूटी दिसली, दोन्ही पाय रस्त्याला टेकवत, डाव्या बाजूने हळूहळू जाणारी. हँडलला पातळ प्लास्टिकची पिशवी अडकवलेली होती. एसटी जवळून गेली तेव्हा पिशवीत काय आहे ते स्पष्ट दिसलं. कोबीचा एक गड्डा. आमच्याकडे कोबी रानात पडून असतो. कुणी कुणाच्या घरी कोबी घेऊन जात नाही.

कुणाच्या तरी घरी त्या दिवशी तिसरा दिवस होता.

मी खिडकीतून हात बाहेर काढला, पण त्यांचं लक्ष रस्त्याकडे होतं. मावशी वस्तीकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेला वळल्या. मी तिकीट हातात धरून बसून राहिले. वाटेतल्या न्हावऱ्यापर्यंत मी आठवत होते, कुणाचं घर असेल. मला एकही नाव आठवलं नाही. गावात कुणाकुणाला दिवस गेले होते, हे मला आता माहीतच नव्हतं.